तळ्यावरचं पाव्हणं

आण्णा, तुमची काठी अजून आहे. शिलाई मशीनच्या खोलीत पत्र्याखाली दोन खिळ्यांवर आडवी ठेवलेली असायची ना, तिथंच आहे. मशीन वहिनीनं कधीच भंगारात घातली, खोलीत आता सोयाबीनची पोती असतात, पण काठीला कुणी हात लावला नाही. तिच्याखाली माझी बारकी काठीसुद्धा आहे. मी मॅट्रिक पास झाले तेव्हा तुम्ही ती दिली होती, धरायच्या जागी लाल आणि हिरवा दोरा गुंडाळून, काजाच्या टाक्यानं पक्का करून. लाल थोडा विटलाय. हिरवा आहे तसा आहे. गावात किती बोलले तेव्हा लोक! "शिंप्यानं पोरीच्या हातात काठी दिली, आता पोर मासे मारणार व्हय?" आणि तुम्ही दातात सुई धरून म्हणालात, "ढोरं हाकायला काठी दिली तर चालती न्हवं? मग ह्या काठीला काय काटं फुटल्यात?"

शिमगा होऊन गेल्यावर आम्ही दोघं इथं माहेरी आलो. तामलवाडीहून सोडायला भाचा आला होता. ज्वारीची काढणी उरकली आहे, कडब्याच्या गंज्या लागल्या आहेत आणि तळं अर्ध्यावर आलंय. कडेनं बेशरमीची झुडपं तशीच माजलेली, गुलाबी फुलांनी भरलेली. आलो ते हवापालट म्हणून, असं मी सगळ्यांना सांगितलं. खरं कारण तुमचे जावई. ते रिटायर झाले आणि गप्पच झाले. तुम्हाला ठाऊक आहे, कळंबच्या गाडीवर कंडक्टर असताना ह्यांचा आवाज म्हणजे कसा होता. गाडी फाट्यावर यायच्या आधी "पुढं सरका, पुढं सरका" ऐकू यायचं म्हणे. आयुष्यभर लोकांना पुढं सरकवलेला माणूस आता खुर्चीतून सरकंना. चहा दिला तर "हं." जेवायला वाढलं तर "हं." दुखत काही नव्हतं. डॉक्टरांनी सगळं तपासून बघितलं आणि म्हणाले, मन कशात तरी गुंतवा. मी देवीपुढं दिवा लावून बसले की एकच मागणं मागायची, आई, ह्यांना एकदा हसव. बाकी मला काही नको. हा माणूस हसत नाही, आण्णा, म्हणजे काय झालंय ते तुम्हाला सांगायला नको. तुम्ही ह्यांना पहिल्यांदा बघितलंत तेच हसताना.

तो दिवस मला अजून असा दिसतो. मला बघायला पाव्हणे दुपारच्या गाडीनं येणार असा निरोप होता, म्हणून तुम्ही सकाळी निवांत तळ्यावर गेलात. आणि ते आले सकाळच्याच गाडीनं. आईची नुसती धांदल. मला मागच्या दाराशी बसवून ती वेणी घालतेय, मुलाची मामी पुढच्या खोलीत बसली आहे, आणि शेजारचे काका म्हणतात, "चला, तळं दाखवतो, तिथंच हायेत आण्णा." मुलगा आणि त्याचा मामा निघाले काकांच्या मागं. मुलाला वडील नव्हते, सगळा कारभार मामाच्या हातात. मामा म्हणजे काय, धोतर, फेटा आणि ह्या एवढ्या मिशा.

आता काकांना काय माहीत तुमचा तळ्यावरचा नेम? तळ्यावर मासा म्हणायचं नाही. मासा म्हटलं की मासा ऐकतो आणि जातो. पाव्हणं म्हणायचं. मी लहानपणी एकदा चुकून "मासा!" म्हणून ओरडले तर तुम्ही केवढे रागावलात. "जा, तोंड धुऊन ये," म्हणून मला पाण्याकडं पिटाळलंत आणि मी रडत रडत चूळ भरली. त्या दिवशी तुम्ही बांधाच्या ह्या टोकाला बसलेले, आणि दुसरी काठी पलीकडच्या टोकाला दगडात रोवून ठेवलेली. काका नेमके त्याच बाजूनं वर आले आणि तिथूनच त्यांनी हाळी दिली. पाण्यावरून आवाज कसा सरळ येतो. मागच्या दाराशी मला शब्द न् शब्द ऐकू येत होता.

"आण्णाऽऽ! पाव्हणं आलं!"

तुम्ही पाण्यावरची नजर न काढता विचारलंत, "कितीक?"

"दोन!"

"थोरलं हाय का?"

"एक थोरलं हाय, एक बारकं!"

"मिशा हायेत का?"

काकांनी मामाकडं बघितलं असणार. "थोरल्याला हायेत की! चांगल्या दांडग्या!"

"मग त्याला सोड पाण्यात. बारकं धर आन् टोपलीखाली झाकून ठेव. आलोच मी!"

आईच्या हातातली वेणी सुटली. तुमचं काही चुकलं नव्हतं. मिशांचा शिंगाळा तुम्हाला कधी आवडला नाही, त्याचा काटा हाताला लागला की दोन दिवस ठणका. मिळाला की सोडून द्यायचा, हा तुमचा नियमच. पण हे मामाला कोण सांगणार? मग तुम्ही मान वळवलीत, बांधावर उभी माणसं बघितलीत, आणि घाबरून म्हणालात, "अहो, मी माशाचं बोलत होतो!" झालं. तळ्यावर मासा म्हटलात! आणि सवयीनं लगेच खाली वाकून चूळ भरलीत. आपल्याशी बोलून झाल्यावर हा माणूस तोंड धुतोय, हे बघून मामा ताठच झाले. आणि मग तो आवाज आला. मुलगा हसत होता. नुसता हसत नव्हता, बांधावर खाली बसून, पोट धरून हसत होता.

घरी आल्यावर मामांनी पोह्यांना हात लावला नाही. आई चुलीपाशी तोंडाला पदर लावून बसली, तिला वाटलं, स्थळ गेलं. तुम्ही खांबाला टेकून उभे, पायजम्याला चिखल तसाच. मी पाणी घेऊन गेले तर मामांनी मला विचारलं, "काय गं पोरी, तुझा बाप माणसाला मासा समजतो. तू काय समजतीस?"

मी खाली मान घालून म्हटलं, "मामा, आमच्या घरात मिशावाल्याला सोडून देत्यात. बिनमिशांचे कढईत जात्यात."

मामांनी भाच्याच्या गुळगुळीत तोंडाकडं बघितलं. मग आपल्या मिशांवरून हात फिरवला. "म्हंजे मीच तेवढा वाचलो म्हणायचा!" आणि पोह्यांची ताटली ओढून घेतली.

किती वर्षं ही गोष्ट आमच्या घरात फिरली. लग्नाकार्यात मामा स्वतःच सांगायचे. मग मामा गेले, तुम्ही गेलात, आणि गोष्ट कुणी काढायचं राहून गेलं.

तर इथं आल्यावर दुसऱ्याच दिवशी मी काठी काढली. तळ्याचा ठेका ज्यानं घेतलाय त्याला विचारून आले. तो म्हणाला, "काकू, तुमी बसा खुशाल, तुमच्या एका गळानं माझं तळं काय रिकामं व्हतंय!" ह्यांच्यासाठी सोलापूरहून भाच्याकडून चरखीची काठी मागवली आणि रबरी बेडूक मागवला. हसू नका. तळ्याकाठी एवढे बेडूक फुकट उड्या मारतायत आणि तुमची लेक बेडूक विकत घेते! पण जिवंत बेडूक गळाला टोचायला माझा हात होत नाही, तेव्हाही होत नव्हता, तुम्हीच लावून द्यायचात. रात्री जमाखर्च लिहिताना मात्र अडले. बेडूक कुठल्या खात्यात घालायचा? किराणा नव्हे, देवधर्म तर नव्हेच. शेवटी औषधपाण्यात लिहिला. आणि गळाचा उलटा काटा चिमट्यानं दाबून सपाट केला, म्हणजे सोडायचं झालं तर तोंड फाटत नाही.

ह्यांना तळ्यावर नेणं सोपं नव्हतं. "मला काय करायचंय तिथं?" एवढं एक वाक्य बोलले, तेवढ्यावरही मी खूश. वहिनी दारातून म्हणाली, "वन्सं, दाजींना खुर्चीसकट न्या, तिकडं बी तसंच बसायचं तर हाय." पण आले. मग मी तुम्ही शिकवलेलं सगळं एकेक करून सांगितलं. मरळीला धरायचं तर सावली आपल्या मागं पडली पाहिजे, पाण्यावर पडली की ती गेलीच. मरळ अधूनमधून वर येऊन हवा घेते, तिथं आधी बुडबुडा येतो आणि एक गोल उठतो. पण त्या गोलात बेडूक टाकायचा नाही, थोडा पुढं टाकायचा आणि तिच्या वाटेवर आणायचा. ऊन चढलं की ती बेशरमीच्या सावलीत जाऊन बसते. पाण्यावर बारक्या लाल पिल्लांचा घोळका दिसला तर त्या जागी गळ टाकायचाच नाही, खाली आईबाप राखण करत असतात. आणि सगळ्यात मोठं, बेडूक गडप झाला की लगेच ओढायचं नाही. तिनं नुसता तोंडात धरलेला असतो. मनात "आई राजा उदो उदो" पुरतं म्हणायचं आणि मगच काठी उचलायची.

तुमच्या जावयांना तिथंच अडचण. आयुष्यभर घाईत बेल मारलेली. बेडूक गडप झाला की "आई रा..." पर्यंतच यायचे आणि हिसका. नुसताच बेडूक उडून पाठीमागं कडब्यात. मी म्हणायची, "अहो, देवीला उदो तरी म्हणू द्या." हे म्हणायचे, "हं." पण दुसऱ्या दिवशी माझ्या आधी चप्पल घालून दारात. दगडावर शेजारी शेजारी बसू नये, दोन सावल्या होतात, म्हणून मी तळ्याच्या भिंतीपाशी आणि हे पलीकडच्या टोकाला. मी आपली बारकी काठी, तंगुसाची दोरी आणि तरंगायला ज्वारीच्या ताटाचं भेंड घेऊन पिठाच्या गोळीवर चिलाप्या धरते. भेंड हललं की अजून पोरीसारखी अर्धी उभी राहते. मधूनच ह्यांच्याकडं बघते. पाण्याकडं टक लावून बसलेले असतात, आणि मला कळत नाही, ते तळ्यावर बसलेत की खुर्चीतच आहेत.

काल मंगळवार. माझा उपास. मंगळवारी घरात मासा शिजत नाही, म्हणून मी म्हटलं, आज राहू द्या. हे म्हणाले, "शिजवायला कोण चाललंय? बसायला चाललोय." एवढं लांब वाक्य! मी काठी न घेता नुसती गेले, भिंतीवर बसून जप करत होते. ऊन उतरलं होतं. बगळे परत निघाले होते. आणि पलीकडच्या टोकावरून हाळी आली. तीच, गाडीवरची, फाट्यापर्यंत ऐकू येणारी.

"अगंऽऽ! पाव्हणं आलं!"

आण्णा, मी विचार करून बोलले नाही. जपाची माळ हातात, नजर पाण्यावर, आणि तोंडातून आपोआप निघालं, "मिशा हायेत का?"

चरखीचा आवाज थांबला. मला वाटलं, गेलं, विसरलेत हे. आणि मग पाण्यावरून ते हसू आलं. तसंच. मधे एवढी वर्षं नाहीतच असं. "न्हायत!" हे हसत हसत ओरडतायत, "न्हायत मिशा! आन् बारकं बी न्हाय!" मी पदर खोचून बांधावरून पळाले, ह्या वयात. मरळ काठाच्या चिखलात वळवळतेय, काळी, अंगावर पट्टे, माझ्या कोपरापासून बोटांपर्यंत मोठी. हे गुडघ्यावर बसलेले, डोळ्यांतून पाणी येतंय, हसून की कशानं मी विचारलं नाही. म्हणाले, "पूर्ण उदो उदो म्हटलं बघ ह्या टायमाला!"

"आज मंगळवार हाय," मी म्हटलं.

"म्हाईत हाय."

हात ओले करा म्हटलं, कोरड्या हातानं तिची बुळबुळ जाते. ह्यांनी हात ओले केले, गळ हलक्या हातानं सोडवला, काटा सपाट होता म्हणून लगेच निघाला. तिला दोन्ही हातांवर पाण्यात धरली. ती जाईना, तिथंच कल्ले हलवत राहिली. तर हे वाकून तिला म्हणतात, "चला बाई, पुढं सरका, पुढं सरका!" आणि ती सरकली. आम्ही दोघं चिखलात बसून इतके हसलो की ठेकेदाराचा माणूस बघायला आला.

आज हे सकाळपासून वहिनीला गोष्ट सांगतायत, मामाची आणि टोपलीची. तिला ती पाठ आहे, तरी ती "मग वो दाजी?" म्हणत भाकरी थापतेय. मी इकडं मशीनच्या खोलीत पोत्यांवर बसून हे लिहितेय. कागद भाचीच्या जुन्या वहीचा आहे, कोरा उरलेला. पाठवायचा कुठं, हा प्रश्नच नाही. तुमच्या काठीच्या पोकळ बुडात गुंडाळून ठेवीन.

फक्त एक सांगायचं राहिलं होतं. पाव्हणे गेल्यावर संध्याकाळी तुम्ही माझ्यापाशी येऊन बसलात आणि विचारलंत, "पोरगा पसंत हाय का तुला? माझ्यामुळं गडबड झाली, पर तू खरं सांग." मी म्हटलं, "तुम्ही म्हणाल तसं, आण्णा." तुम्हाला ते फार बरं वाटलं होतं, म्हणून पुढं कधी बोलले नाही. तुम्ही काय म्हणणार ह्याची मी वाटच बघत नव्हते. वेणी अर्धी सुटलेली, मागच्या दाराशी बसून पाण्यावरून ते हसू ऐकलं, तेव्हाच माझं ठरलं होतं. तोंड तर मी नंतर बघितलं.