उजव्या कोपऱ्यातली चौकट

तीर्थरूप ताईस,

साष्टांग नमस्कार. (कंबरेमुळे आठही अंगं एका वेळी टेकत नाहीत, टेकली तेवढी गोड मानून घे.) तुझा गुडघा काय म्हणतो? भाऊजींचा खोकला आणि त्या खोकल्यावरची त्यांची व्याख्यानं, दोन्ही आटोक्यात असतील अशी आशा करतो. इकडे सगळे खुशाल आहोत, फक्त बसायला जागा नाही.

त्याचं असं झालं, की नात दिवसभर चित्रं काढते. खुर्चीवर चित्रं, फ्रिजवर चित्रं, माझ्या उशीखाली चित्रं. शेवटी सूनबाईंनी फर्मान काढलं, "बाबा, एका फायलीत मावतील तेवढी ठेवा, बाकीची रद्दीत. तुम्ही जन्मभर नकाशेच सांभाळलेत ना?" ज्याने उभी नोकरी ड्राफ्ट्समन म्हणून काढली त्याला आणखी काय हवं! मी तडक ट्रंकेतून जुना रबरी शिक्का बाहेर काढला.

आमच्या ऑफिसात बिनचौकटीच्या कागदाला कुणी कागद म्हणत नसे. उजव्या कोपऱ्यात खाली चौकट, चौकटीत विषय, तारीख, काढणार आणि तपासणार. तीच मी प्रत्येक चित्रावर उमटवली. काढणारीच्या जागी नातीचा अंगठा, तपासणाऱ्याच्या जागी माझी सही, 'आजोबा'. विषयापाशी मात्र घोडं अडलं. सकाळी विचारावं तर हत्ती, दुपारी तोच हत्ती शाळेतल्या बाई, आणि संध्याकाळी, "आजोबा, तू उलटं धरलंयस." एक चित्र टिकावं म्हणून लॅमिनेशनला नेलं, तर मशीनच्या उष्णतेने खडूचं मेण वितळून अख्खं गाव वाहून गेलं. दुकानदार हळहळला. नात मात्र खूश! "पूर आला," म्हणाली. मी मुकाट्याने विषय बदलून घेतला.

दुसरा नियम असा, की सुधारित कागद आला की जुन्यावर 'रद्द' लिहून तो काढून टाकायचा. तोही लावला. नवं मांजर आलं, जुनं रद्द. मग आलं 'आमचं घर'. जुन्या कागदावर आई, बाबा, नात, मांजर आणि काठी घेतलेला मी. सुधारित कागदावर आई, बाबा, नात, मांजर. मांजराला मिश्यासुद्धा होत्या. मीच नव्हतो.

खोटं कशाला बोलू, ताई, फार लागलं मला. नियमाप्रमाणे मी ज्यात आहे तोच कागद रद्द करायचा होता, आणि हात काही उठेना. जेवणात लक्ष नव्हतं. (सूनबाईंनी मीठ कमी आहे का विचारलं, मी हो म्हणालो, त्यांनी घातलं आणि मुलाने माझ्या नावाने खडे फोडले.) शेवटी राहवेना, तेव्हा नातीलाच गाठलं. "यात मी का गं नाही?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं, की मला आमचे साहेब आठवले. "आहेस की! खालच्या चौकटीत. तू तर सगळ्याच चित्रांत असतोस. मग परत कशाला काढू?"

ताई, निवृत्तीच्या दिवशी हार घालून भाषणं झाली होती, तेव्हाही इतकं बरं वाटलं नव्हतं.

बाकी विशेष काही नाही. गुडघ्याला जप.

तुझा धाकटा भाऊ

ता. क. 'रद्द' लिहिलेला एकही कागद मी टाकलेला नाही. सूनबाईंना मात्र सगळे रद्दीत गेले असं सांगून बसलोय. तुझा माळा रिकामा आहे ना? खोकी पाठवतो. त्यांचा फोन आलाच, तर आत जुने नकाशे आहेत म्हण.

आणखी एक ता. क. पत्र टेबलावर ठेवून चहाला उठलो, तेवढ्यात सूनबाईंनी वाचलं. आता माझी धडगत नाही असं वाटलं. पण त्या आत गेल्या आणि कपाटाच्या मागून हा एवढा गठ्ठा घेऊन आल्या. माझ्या हाती पडायच्या आधीच उचलून लपवलेली चित्रं! तो माझ्या खोक्यावर ठेवून म्हणाल्या, "बाबा, यांच्यावर तुमची चौकट राहिलीय." तेव्हा माळा जरा जास्तच मोकळा कर, आणि तुमच्याकडे शिक्क्याची शाई मिळत असेल तर पाठव. इथली संपत आलीय.