बेचाळिसाव्या दगडाची हद्द

ता. २ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

रस्ता सुरक्षेच्या गौरवासाठी तुझा प्रस्ताव आमच्या कार्यालयात आला आणि तपासणीसाठी नेमका माझ्याच टेबलावर. हा माझा सख्खा भाऊ, असं मी साहेबांना लगेच सांगितलं. ते म्हणाले, मग तुम्हीच तपासा, तुमच्याइतकं कोणी काटेकोर पाहणार नाही. कौतुक होतं की टोमणा, अजून ठरवते आहे.

आईने शेजारपाजारी सांगूनही टाकलं. मलाही आनंद आहे. पण आधीच्या वर्षी तुझ्या चौकीच्या हद्दीत बावीस अपघात होते आणि यंदा एकही नाही. तू असं काय केलंस, सविस्तर कळव. शेजारच्या चौकीच्या नोंदीत मात्र यंदा नऊ अपघात आहेत. तिथे आधी कधीच नव्हते. हद्द बेचाळिसाव्या किलोमीटरच्या दगडावर बदलते ना? तो दगड जागेवरच आहे ना?

प्रकृतीला जप. लोभ आहेच, तो वाढता राहो.
तुझी ताई

ता. ८ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. बहिणीचं पत्र म्हणून उघडलं, आत नोटीस निघाली. तुझी भावजय म्हणते, लहानपणी ताई वाटीतले दाणेसुद्धा मोजून द्यायच्या, त्या सुधारतील असं तुम्हाला वाटलंच कसं.

काय केलं म्हणतेस, तर उतारावरच्या वळणाचा कठडा मी आणि दोन शिपायांनी स्वतः चुन्याने रंगवला. उतार सुरू व्हायच्या आधी ट्रक थांबवून ब्रेक थंड होऊ देतो. ड्रायव्हर शिव्या घालतात, चहा पितात, जातात. वर्षभर उन्हात उभा राहून माझा रंग ओळखू येत नाही. शेजारच्या चौकीचं मला काय विचारतेस? तिथला हवालदार आमचा लंबू, त्यालाच विचार.

आईला नमस्कार. ताईपणाचा लोभ असू द्यावा, तपासनीसपणाचा नको.
तुझा धाकटा

ता. १३ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र तीनदा वाचलं. चुना आहे, चहा आहे, ऊन आहे. दगडाबद्दल एक अक्षर नाही. तू काही लपवायचं असलं की विनोद करतोस, हे मला तू शाळेत होतास तेव्हापासून माहीत आहे. पण कदाचित विनोद नुसता विनोदच असेल आणि माझंच मन कलुषित झालं असेल. परक्याचा प्रस्ताव असता तर मी इतकं खोदलं असतं का? की भाऊ म्हणूनच जास्त खोदते आहे, उद्या कोणी माझ्याकडे बोट दाखवू नये म्हणून?

लंबूला हलगर्जीपणाबद्दल बदलीची नोटीस निघाली आहे. कारण तेच नऊ अपघात. तुला हे ठाऊक आहे का? उलट टपाली कळव. शेरा मला एकोणीस तारखेला द्यायचाच आहे.

तुझी ताई

ता. १८ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

दगड मी हलवला नाही. रस्ता रुंद करताना ठेकेदाराच्या माणसांनी तो उपटला आणि परत रोवताना तीनशे पावलं अलीकडे रोवला. तेव्हा मी समोर उभा होतो. वळण माझ्या हद्दीतून निघून लंबूच्या हद्दीत गेलं. अपघात झाला की आधी धावत मीच जायचो, नोंद मात्र त्याची व्हायची. त्याने दोनदा मला सांगितलं, जुनी जागा तुला माहीत आहे, वर कळव. मी हसून म्हणालो, दगड म्हणेल ती हद्द.

ताई, बावीसचे नऊ झाले हे खरं आहे आणि ते मी केलं. पण नऊ अपघातांना कोण शाल देतो? म्हणून शून्यावर गप्प बसलो. लंबूची नोटीस तुझ्या पत्रातून कळली. त्याने मला सांगितलीसुद्धा नाही.

सोबत माझा अर्ज आहे. त्यात सगळं लिहून नाव मागे घेतलं आहे. तो प्रस्तावाला जोड, म्हणजे मी आपणहून सांगितलं एवढं तरी कागदावर राहील.

लोभ मागायला तोंड नाही, तरी मागतो.
तुझा धाकटा

ता. २३ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझा अर्ज काल पोचला. दोन्ही चौक्यांचे आकडे जोडून आणि दगडाचा संशय लिहून माझी हरकत एकोणीसलाच वर गेली होती. म्हणजे तू अर्ज टपालात टाकलास, त्याच्या दुसऱ्या दिवशी. तुझ्यावर विश्वास ठेवून मी आणखी तीन दिवस मागून घेऊ शकले असते. मागितले नाहीत. आता तुझा अर्ज कागदावर कबुली नाही, सापडल्यानंतरचा खुलासा दिसतो.

साहेबांनी तो वाचला, दार लोटून घेतलं आणि हळूच म्हणाले, "आवकचा शिक्का माझ्याकडेच आहे. अठरा तारीख टाकू का?"

मी नाही म्हणाले. एका हललेल्या दगडाबद्दल तुला पकडून मी तारीख कशी हलवू? तरी ती तारीख खोटीही नव्हती रे, तू लिहिलंस ते अठरालाच. रात्रभर हेच चाललं होतं डोक्यात, आणि मी बरोबर केलं असं आत्ताही छातीठोक सांगता येत नाही.

लंबूची बदली थांबली. बावीसचे नऊ मी हरकतीतच लिहिले होते, ते तसेच राहिले आहेत. त्याखाली सही माझी, म्हणजे बहिणीची आहे, म्हणून त्यावर विश्वास कोण ठेवेल ठाऊक नाही.

आईला अजून काही सांगितलेलं नाही. ते तू ये आणि सांग, मी शेजारी बसेन. माझ्यावरचा लोभ कमी झाला असेल, तर उरला असेल तेवढा तरी ठेव.

तुझी ताई