नंदूच्या आजोबाचं भाषण

माजलगाव,
४ ऑगस्ट २०२५

चि. सौ. प्रियदर्शनीस अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र बघून हसू नकोस. घशाच्या ऑपरेशनात आवाज गेल्यापासून फोन कानाला लावून मी करणार काय? आणि मोबाईलवर टाइप करायला गेलो की बोट एकीकडे अन् अक्षर भलतीकडे.

लेकीची काळजी करू नकोस. तू हौसेनं राजनंदिनी नाव ठेवलंस, तुझ्या आईनं पहिल्याच दिवशी त्याचं नंदू करून टाकलं. दुधात भाकर कुस्करून दिली की वाटी चाटूनपुसून साफ करते.

घोर एकच लागलाय. सव्वा वर्षाची झाली तरी एक शब्द धड बोलत नाही. तुझी आई दुपारी शेतात जाते, घरात आम्ही दोघंच. मुक्या आजोबाजवळ राहून पोर बोलायला शिकणार कशी? म्हणून एक उपाय केलाय. कारखान्याच्या निवडणुकीतली माझी भाषणं शेजारच्या बजरंगनं पेनड्राइव्हवर भरून दिली आहेत. ती दुपारभर स्पीकरवर लावतो. निदान माझा आवाज तरी तिच्या कानावर पडेल. नंदू मात्र बंधू-भगिनींनो ऐकलं की जांभई देते.

अभ्यास नेटानं कर. आमचा जीव तुझ्यात आहेच.

तुझा,
आबा

बीड,
११ ऑगस्ट

ती. आबांना शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचून क्लासमध्येच हसू फुटलं. आबा, अशानं माझ्या लेकीला आई म्हणायच्या आधी उसाचा भाव मागता येईल!

आता थोडं रागावते. लस द्यायला नेलं होतं तेव्हा नर्सबाईंनी सांगितलं होतं, की बाळाशी बोलावं आणि मग गप्प राहून त्याच्या उत्तराची वाट बघावी. त्याचं उत्तर म्हणजे नुसतं हुं असेल, नाहीतर हात हलवणं. स्पीकर कुणाची वाट बघत नाही. खरं सांगायचं तर भाषणात तुम्हीही कधी बघितली नाहीत.

तेव्हा तो बंद करा. तिच्यासमोर बसा. टाळी वाजवा, ओठ हलवा, भुवया उडवा आणि थांबा. ती जे करेल तेच तुम्ही करा. शब्द आई पुरवील. नोव्हेंबरात परीक्षा आहे, नंदूचे बाबाही कंपनीतून महिन्याकाठी एकदाच येतात. तुम्ही नंदूला सांभाळलं नाही तर मला क्लास सोडावा लागेल.

आईला नमस्कार. तुमची माया अशीच असू द्या.

तुमची,
प्रिया

माजलगाव,
९ सप्टेंबर

चि. सौ. प्रियदर्शनीस अनेक आशीर्वाद.

तू सांगितलंस तसं केलं. मी ताटलीवर चमच्यानं वाजवायचं, मग तिनं. मी जीभ टाळ्याला लावून घोड्यासारखा टक् करायचा, मग तिनं. चांगलंच जमलं आमचं. तिला हसताना बघून मी खूप दिवसांनी हसलो.

पण परवा भलतंच झालं. माझ्याकडे बघून तिनं ओठ हलवले आणि आवाजच नाही. हुबेहूब माझ्यासारखं. काल पुन्हा तेच. पोरीनं माझा मुकेपणा उचलला, प्रिया. हे माझ्यामुळे झालं.

आजपासून मी मळ्यातल्या खोलीवर राहायला जातोय. मी नंदूच्या नजरेला पडायला नको. तुझी आई म्हणते, तुमी कावून एवढं भेता, पोरगी चांगली हाय. तिला काय कळतं? तू येऊन लेकीला घेऊन जा. क्लास बुडाला तर बुडू दे.

आशीर्वाद.

आबा

बीड,
२२ सप्टेंबर

ती. आबांना शि. सा. न. वि. वि.

काल तुम्ही पाठ फिरवून बसलात, मला नीट भेटलाही नाहीत. म्हणून लिहिते.

सकाळी मी घरी पोचले तेव्हा नंदू अंगणात कोंबडीवर ओरडत होती. आईला आज्जी म्हणते, भाकरीला भाका, आंघोळीला नको. आई म्हणाली, लई बोलायलीय आठ दिवसांपासून, पन हे मळ्यात जाऊन बसले, ऐकनार कोन?

मग तिला मळ्यात आणलं. वाटेत बडबड चालूच होती. तुम्ही दिसलात आणि ती एकदम गप्प झाली. ओठ मात्र हलत होते. मी उचलून घेतली तर पुन्हा माझ्या कानात ओरडली.

आबा, तिचा आवाज कुठंही गेलेला नाही. तुमच्याशी असंच बोलायचं असतं असं तिला वाटतं, एवढंच. तुम्हीच शिकवलंत आणि ती शिकली. म्हणून तिला न घेताच मी परत आले.

मला बाजूनं नीट दिसलं नाही. ती तुम्हाला काय म्हणते ते एकदा समोर बसून बघा आणि कळवा. तोवर रुसवा नसावा.

तुमची,
प्रिया

माजलगाव,
२५ सप्टेंबर

चि. सौ. प्रियदर्शनीस अनेक आशीर्वाद.

घरी परत आलो. आज दुपारी ओसरीवर नंदूसमोर बसलो. तुझी आई शेंगा फोडत होती, बजरंगही होता.

नंदूनं माझी हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवलं. ओठ उघडले, मिटले, पुन्हा उघडले. मी थांबलो. तिनं पुन्हा तसंच केलं.

तुझ्या आईला काही ऐकू आलं नाही. बजरंगलाही नाही. ती मला आबा म्हणाली.

मीही ओठ हलवून तिला नंदू म्हणालो. मग बराच वेळ आमचं बोलणं चाललं. आता तू निवांत अभ्यास कर, पोर माझ्याजवळच राहील.

तुम्हा सगळ्यांवर जीव आहेच. नंदूवर काकणभर जास्त.

तुझा,
आबा