रिपोर्ट चांगला आलाय

बाबा,

रात्रभर कूस बदलत होतात, आता कुठे डोळा लागलाय, म्हणून उठवलं नाही.

तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा रिपोर्ट काल डॉक्टरांना दाखवला. मागच्या वेळी नऊ होती, आता सहावर आलीय. डॉक्टर खूश झाले. "शाब्बास! काय पथ्य करतात बाबा?" "घरचाच डबा," मी म्हटलं. हे तीन महिने म्हणजे आई गेल्यानंतरचेच.

येताना तुमच्या दुकानाकडे वळले. तुम्ही माप घ्यायला गेला होतात. शेजारचे घड्याळवाले काका म्हणाले, "पोरी, डबा तर ते रोज मलाच देतात." आणि मी इकडे रिकामा डबा घासताना खूश व्हायचे! परवा शिलाई मशीनवर तुम्हाला घेरी आली, तेही त्यांनीच सांगितलं.

तशीच माघारी जाऊन डॉक्टरांना सगळं खरं सांगितलं. त्यांचा चेहराच उतरला. न जेवता गोळी घेणं जिवावर बेतू शकतं म्हणाले. म्हणून गोळ्या मी बरोबर नेल्यात. संध्याकाळी आपल्याला बोलावलंय. घेरी वाटली तर लगेच साखरपाणी घ्या, ओट्यावर करून ठेवलंय. नाश्ताही तिथेच झाकलाय.

रागावून लिहीत नाहीये. घास माझ्याही घशाखाली उतरत नाही. तुमचा डबा करायचा असतो, एवढ्यासाठीच सकाळी उठवतं मला.

दुपारी अर्धी रजा टाकून दुकानात येते. काकांना आज डबा देऊ नका. आपण दोघं जेवू. मला एकटीला जेववत नाही, बाबा.