पिवळ्या विजेची खूण

मंगळवार, ३ फेब्रुवारी
जमलं! पत्त्यांच्या कॅटाएवढा कॉम्प्युटरचा बोर्ड, दारावर कॅमेरा, स्वयंपाकघरात भोंगा. बाबा दार उघडून निघाले की भोंगा बोंबलणार. हल्ली त्यांना स्वतःचं घर ओळखू येत नाही. ताई रोज येते सांभाळायला, पण एकटी किती धावणार? जुन्या मोबाइलचा चार्जर लावला. बोर्डाला जोडलेल्या टीव्हीच्या पडद्यावर, कोपऱ्यात विजेची पिवळी खूण आली. ताईला दाखवली – "बघ, पोटभर वीज मिळतेय त्याला!"

तीस वर्षं वायरमन आहे. उगाच नाही!

गुरुवार, ५
बाबा निघून गेले होते. भर दुपारी, अनवाणी. औषधवाल्याने ओळखलं आणि हात धरून घरी आणलं. गुडघा फुटलाय. भोंगा वाजलाच नाही!

बोर्डातली नोंद उघडून पाहिली. दोन वाजून दहा मिनिटांनी बोर्ड बंद पडून पुन्हा सुरू झालेला. म्हणजे कुणीतरी प्लग काढला आणि परत लावला. घरात होतं कोण? ताई! तिला म्हणालो, "मिक्सर लावायला काढला असशील." ती म्हणाली, "नाही रे." मी आवाज चढवला, तोही बाबांसमोर – "एक काम धड होत नाही तुझ्याने!"

ती बाबांच्या गुडघ्याला पट्टी बांधत राहिली.

शुक्रवार, ६
ताई आली, कामं केली, गेली. माझ्याशी बोलली नाही. नाही तर नाही.

सोमवार, ९
आज सुट्टी. स्वतःच दार उघडून पाहिलं. भोंगा नुसता "कुं" म्हणाला आणि बोर्ड बंद! मग आपोआप सुरू. पाच वेळा केलं, पाचही वेळा तेच. प्लगला कुणाचा हातसुद्धा नाही.

मग त्या खुणेचा अर्थ शोधला. पिवळी वीज म्हणजे वीज कमी पडतेय! पोर भुकेनं रडतंय आणि मी म्हणतोय, खेळतंय! चार्जर मरतुकडा, वर मीच जोडून लांबवलेली बारीक वायर. कॅमेरा आणि भोंगा एकदम चालले की बोर्ड मान टाकणारच. बारीक वायरीवर मोठा लोड टाकू नका, हे मी घरोघर सांगत फिरतो. लोकां सांगे ब्रह्मज्ञान!

आणि ताईला काय काय बोललो मी. मेल्याहून मेल्यासारखं झालंय.

मंगळवार, १०
दमदार चार्जर आणला, वायर जाड आणि आखूड घातली. खूण गेली. भोंगा असा वाजला की बाबा दचकून म्हणाले, "आग लागली की काय?" ताई कितीतरी दिवसांनी हसली. तिने विचारलं, "चार्जर का बदललास?" तेव्हाच सांगायला हवं होतं. म्हणालो, "असाच."

थू माझ्यावर!

गुरुवार, १२
आज सांगणार होतो. नाही सांगितलं.

शुक्रवार, १३
ताई निघताना दारात थांबली. म्हणाली, "उद्या माझ्याबरोबर मेंदूच्या डॉक्टरांकडे येशील? प्लग काढलेला मला आठवतच नाही रे. बाबांचंही असंच सुरू झालं होतं."