टपालाने आलेली सात खोकी

तीर्थस्वरूप मामांस,

साष्टांग नमस्कार. (खरोखरचा आहे. टेबलभर खोकी पसरल्यामुळे जमिनीवर पालथा पडून लिहितो आहे.) तुमचा गुडघा कसा आहे? मामींचा खोकला थांबला का? इकडे सगळे मजेत, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं.

मामा, तुम्हाला तोंड दाखवायची सोय मी ठेवलेली नाही. पुलांचे नकाशे काढायला मला तो मोठा संगणक, तुमच्या भाषेत वर्कस्टेशन, हवा होता. तीन शनिवार मी तुमच्या दुकानात ठाण मांडून बसलो. तुम्ही इतर गिऱ्हाइकांना ताटकळत ठेवून मला एकेक भाग उघडून दाखवलात, वर चहा पाजलात आणि यादी स्वतःच्या हाताने लिहून दिलीत. विचार करून सांगतो म्हणून मी निघालो, आणि तीच यादी टपालाने माल पाठवणाऱ्या कंपनीला धाडली. का, तर तुम्ही प्रश्न फार विचारता. नकाशे केवढे, एका वेळी किती फायली उघडणार, खोलीत हवा खेळते का. मला एकाचंही धड उत्तर येईना, आणि या वयात मामासमोर ढ ठरायची लाज वाटली. कॅटलॉग बिचारा काहीच विचारत नाही.

त्यातही शहाणपणा केलाच. तुम्ही लिहिलेला पॉवर सप्लाय (यंत्राला वीज पुरवणारा डबा, दिसायला अगदीच गरीब) खोडून निळ्या दिव्यांचा मागवला. सात खोकी आली. चार दिवस मांडी घालून जोडाजोड केली. आता यंत्र सुरू होतं, निळे दिवे झगमगतात, पडद्यावर पूल अर्ध्यापर्यंत येतो आणि सगळं बंद पडतं. कंपनीला फोन केला, तर अर्धा तास गाणी ऐकवून एका बाईंनी फार गोड आवाजात सांगितलं, जवळच्या जाणकार दुकानदाराला विचारा. सोमवारी नकाशे दिले नाहीत तर काम हातचं जाईल.

मामींना नमस्कार.

तुमचा नालायक भाचा

ता. क. खरं सांगायचं ते राहिलंच. घरी मी यंत्र तुमच्याकडूनच घेतल्याचं सांगितलं होतं. त्यामुळे तुम्ही सख्ख्या भाच्याच्या गळ्यात भंगार मारलंत, अशी आईपासून धाकट्या मावशीपर्यंत सगळ्यांची खात्री आहे. मी खाली मान घालून ऐकतो आणि गप्प बसतो. तेव्हा, चुकून खराब माल गेला, असं तुम्हीच आईला एकदा म्हणाल का?

आणखी ता. क. दादा, ही मी, याची आई. याचं अक्षर पोस्टमनला लागत नाही म्हणून पाकिटावर पत्ता मीच घालते, हे हा विसरला. पत्र वाचलं. टपालात टाकत नाही, उद्या सकाळी हे पत्र आणि याला, यंत्र-खोक्यांसकट, मीच घेऊन येते. त्याला काय बोलायचं ते बोल. पण गेल्या आठवड्यात तुझा फोन मी तीनदा वाजू दिला, समोर बसून. माझ्याशी आधीसारखा बोलशील ना?