दोन डबे, एकच निळा

प्रिय शास्त्रीणबाई,

नाही गं, थर्मामीटर बिघडलेला नाही. मी चष्मा लावूनच वाचते आणि दोनच्या ठोक्यालाच वाचते. माझ्या खोलीत एकोणचाळीस, शेजारच्या खोलीत घड्याळजींकडे पस्तीस. पंधरा दिवस हेच चाललंय. गावच्या शाळेत चौथीपर्यंतच गेले असले तरी आकडे मला येतात. तुला पाढे कुणी शिकवले?

तुझं पत्र मात्र दोनदा वाचलं. तुझा निळा रंग माझ्या छपराच्या पत्र्यावर, बाजारातला साधा निळा घड्याळजींच्या पत्र्यावर, तरी तापते माझीच खोली, म्हणून तुझे रंगाच्या कारखान्यातले साहेब हसले म्हणे. शनिवारी तुझी भट्टी बंद करून तुला पुन्हा पांढऱ्या डिस्टेंपरवर बसवणार. दोन वर्षं ती खनिजांची पूड भाजत बसलीस बाई. उन्हातली जी धग डोळ्यांना दिसत नाही ती म्हणे ही पूड आल्या पावली परत पाठवते, आणि दिसायला आपली साधी निळी. शेजारणीला मी हे समजावलं, तर ती विचारते, नवऱ्याच्या डोक्याला लावली तर ते थंड राहील का. म्हटलं, लावून बघ, नाहीच राहिलं तर गर्दीत नवरा लांबून ओळखू तरी येईल.

रंगारी तर वैतागलाच. दोन्ही डब्यांत बोट बुडवून म्हणाला, निळा एकच आहे, उगाच दोन ब्रश कशाला धुवायला लावता. मी म्हटलं, मुलगी शिकलेली आहे, तिला विचार. मग झाकणांवर तू लिहिलेलं ‘आई’ आणि ‘घड्याळजी’ वाचलं, आणि मुकाट्याने ज्याचा डबा त्याच्या पत्र्यावर रिकामा केला. त्याची काही चूक नाही, त्याला बोलू नकोस.

घड्याळजींचं तुला माहीतच आहे. डोळ्याला भिंग लावून दिवसभर टेबलावर वाकलेले. पंखा लावायची सोय नाही, बारीक स्क्रू उडतात. घाम घड्याळात पडू नये म्हणून गेल्या उन्हाळ्यात कपाळाला पंचा आवळून बसायचे, कुणीतरी डोकं फोडल्यासारखे. एकदा तर दुपारी भोवळ येऊन टेबलावरच आडवे झाले. यंदा पंचा दिसला नाही म्हणून विचारलं, तर म्हणतात, “बाई, यंदा ऊन आमच्या पत्र्याला घाबरलंय.” मी तोंडाला पदर लावून पळाले.

आता नीट बसून वाच. तुझ्या रंगात खोट नाही. साहेबांना सांग, आकडे खरे आहेत, खोल्या उलट्या आहेत. रंगारी यायच्या आधी झाकणं मीच बदलली. हे तुला पहिल्याच दिवशी कळवायला हवं होतं. पण तू ‘का’ विचारलं असतंस, आणि तुझा ‘का’ उत्तर मिळेपर्यंत माणसाला सोडत नाही. आज मंगळवार, हे गुरुवारी तुझ्या हातात पडेल. हवं तर अख्खं पत्र साहेबांपुढे ठेव. माझी लाज जाऊ दे, भट्टी बंद पडू देऊ नकोस. तुझ्या बाबांना जाऊन नऊ वर्षं झाली. घड्याळजी मला आवडतात. त्यांना स्वतःला अजून सांगितलेलं नाही.

तुझीच, अजून तरी,
आई